पाम बदलताना

पाम एम१०५ हा खिशातला छोटा संगणक सोडून मी पामचाच टंगस्टन ई२ घेतला, त्याला बरीच वर्षं झाली. दोन्ही यंत्रं आज बाजारात नाहीत. पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी पामची यंत्रं बनवणंच थांबवलं. तरीही हे लिहावंसं वाटतं, कारण पुण्याच्या टेकड्यांवर झाडांच्या नोंदी ठेवणारी तरुण मुलं आता फोन बदलताना मला तेच प्रश्न विचारतात, जे तेव्हा माझ्यापुढे होते. माझ्या नोंदी वेताळ टेकडीच्या आणि हनुमान टेकडीच्या: कुठलं झाड, कुठे आहे, पालवी कधी फुटली, फूल कधी आलं. एखाद्या वर्षीची पळस फुलल्याची तारीख हरवली तर ती पुन्हा कुठूनही मिळत नाही. यंत्र कितीही महाग असलं तरी ते पुन्हा घेता येतं.

१. आधी नोंदी साध्या मजकुरात उतरवून घ्या, मग दुकानाची पायरी चढा. हॉटसिंक केलं, म्हणजे पाम संगणकाला जोडून नोंदी जुळवल्या, की सगळं संगणकावर येतं हे खरं, पण ते पामच्या स्वतःच्या साच्यात येतं आणि तो साचा उघडायला संगणकावर पाम डेस्कटॉप हा प्रोग्रॅमच लागतो. त्यातूनच मेमोंची टेक्स्ट फाइल काढायची सोय होती. तेवढी पाच मिनिटं काढा. आजच्या ६४ बिटी विंडोजला पाम यूएसबीने जोडायला पामने स्वतः ड्रायव्हर काढलेच नाहीत. ती टेक्स्ट फाइल मात्र मी फोनवर रोज उघडतो.

२. जागा वाढली म्हणून मांडणी मोडू नका. एम१०५ मध्ये एका मेमोत जेमतेम ४,००० अक्षरं मावत. त्यामुळे वेताळ टेकडीच्या नोंदी मी बाजू पाहून तोडल्या होत्या: लॉ कॉलेजकडची चढण, एआरएआयचा रस्ता, खाणीचा काठ, पाषाणकडचा उतार. ई२ मध्ये हीच मर्यादा ३२,००० च्या घरात गेली. सगळे तुकडे जोडून एकच लांबलचक मेमो करायचा मोह होतो, तो आवरा. तुकडे असले की पाय ज्या वाटेने चालतात त्याच वाटेने नोंदीही पुढे सरकतात. खाणीपाशी उभं राहून मोईच्या झाडाची मागच्या वर्षीची नोंद शोधायची, तर फक्त खाणीचा मेमो उघडायचा.

३. दोन चालू यंत्रांना एकच नाव ठेवू नका. पाम संगणकाला ओळख देतो ती वापरणाऱ्याच्या नावाने. एकाच नावाची दोन यंत्रं आलटून पालटून जोडली की कुठली नोंद ताजी आणि कुठली शिळी याचा घोळ होतो. नव्याला जुनं नाव द्या आणि जुनं यंत्र पुन्हा जोडूच नका.

४. हाताला वेळ द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या पामवरची लिपी ग्राफिटी, म्हणजे काडीने एका फटकाऱ्यात एक अक्षर. झेरॉक्सने पेटंटवरून १९९७ मध्ये दावा लावला आणि २००३ मध्ये पामने ग्राफिटी २ आणली. जुन्या लिपीत वरून खाली ओढलेली सरळ रेघ म्हणजे आय. नव्या लिपीत तीच रेघ एल होते आणि आयसाठी वर टिंब द्यावं लागतं. रोमन अक्षरांत पिंपळ लिहावा तर पहिल्याच अक्षरापुढे एल उमटायचा. टीची तर आता दोन फटकाऱ्यांत विभागणी झालेली. लिहिताना नजर पडद्यावर अडकली की झाडावरून उठते, म्हणून सराव घरी करा, वाणसामानाच्या याद्या लिहून. टेकडीवर नव्हे.

५. ऊन आणि सेल. एम१०५ चा काळापांढरा पडदा चैत्रातल्या दुपारीही स्वच्छ दिसे आणि रिमोटमधल्या दोन बारीक सेलांवर ते यंत्र आठवडेच्या आठवडे चाले. ते बदलताना मात्र मिनिटभरात नवे घालावे लागत, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाई. ई२ चा रंगीत पडदा उन्हात फिकटतो, यंत्र दर थोड्या दिवसांनी चार्ज करावं लागतं, पण बॅटरी पार संपली तरी नोंदी शाबूत राहतात. मी या शेवटच्या गुणासाठी बाकीचं सोसलं आणि आजही तसंच करीन.

६. झाडाच्या नावापुढे शास्त्रीय नाव लिहा. संगणकावर देवनागरी तेव्हा आलेली होती: सी-डॅकसारखी संस्था १९८८ पासून पुण्यात, तिथला जिस्ट गट भारतीय लिप्यांवर काम करणारा, विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीही आलेली. माझ्या खिशातल्या पामवर मात्र मराठी रोमन अक्षरांतच लिहावी लागे. रोमनमध्ये कळी आणि काळी एकच दिसतात. सालईपुढे बोस्वेलिया सेराटा, मोईपुढे लॅनिया कोरोमांडेलिका असं लिहून ठेवल्यामुळे पुढे सगळ्या नोंदी देवनागरीत आणताना एकही झाड ओळखायचं राहिलं नाही.

७. जुन्या यंत्रातले सेल काढून ठेवा, केबल त्याच्याच डब्यात ठेवा. एम१०५ ची केबल सीरियल पोर्टची. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो, त्यासाठी यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. असल्या वस्तूंसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली धुंडाळावी.

८. बदलायचंच तर आषाढ-श्रावणात बदला. टेकडीवर तेव्हा रानफुलं आणि गवतं जोरात असतात, पण झाडांच्या फुलोऱ्याची धांदल नसते. माघापासून काटेसावर, फाल्गुनात पळस आणि पांगारा, पुढे वैशाखापर्यंत बहावा, असा तो क्रम. दिवाळीच्या सवलतीत घेतलेलं यंत्रही चालेल, माघापर्यंत ते हाताला बसतं. होळीच्या तोंडावर मात्र घेऊ नका.