भेंडीच्या पिवळ्या शिरा आणि बारावीनंतरची वाट

ठाणे जिल्ह्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याची गावं पावसाळ्यात भात-नाचणीच्या मागे असतात. भात निघालं की जिथं पाणी आहे तिथं भेंडी लागते. मुरबाड-शहापूरकडची भेंडी वाशी मार्केटला जाते, निवडक माल परदेशीही जातो. या भेंडीचं पान पिवळं पडलं की दिवसभरात चार सल्ले मिळतात. कुणी युरिया टाकायला सांगतो, कुणी महागडी बाटली हातात ठेवतो. पान नीट पाहिलं तर अर्धं उत्तर तिथंच असतं. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, तर तो हळद्या, म्हणजे यलो व्हेन मोझॅक हा विषाणूजन्य रोग. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर बहुधा लोहाची कमतरता. पहिला रोग कोणत्याही फवारणीने बरा होत नाही. दुसऱ्यावर थोडक्या पैशांत उपाय होतो.

हा फरक ओळखायचा, प्रयोगशाळेत सिद्ध करायचा आणि शेतकऱ्याला परवडेल असा उपाय शोधायचा, हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्याचं नाव वनस्पती रोगशास्त्र. मुलाने हे नाव घेतलं की घरात पहिला प्रश्न येतो, "शेतीतच घालायचं होतं तर शिकवलं कशाला?" प्रश्नात राग कमी आणि धास्ती जास्त असते. ती धास्ती खोटी नाही, म्हणून तिला खरं उत्तर द्यायला हवं.

आधी हे काम कसं चालतं ते पाहा, कारण त्याचा वेग कळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मुंबई इलाख्यातल्या भेंडीवर हळद्या असल्याची नोंद जी. एस. कुलकर्णी यांनी 1924 साली केली. 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळून हा विषाणू लागत नाही. त्याला वाहक लागतो, नाहीतर कलम. 1950 मध्ये कपूर आणि वर्मा यांनी पांढऱ्या माशीवर बोट ठेवलं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रोगाला दाद न देणारं 'पुसा सावनी' हे वाण आणलं. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांच्या धंद्याची सुरुवात याच भेंडीपासून केली. 1964 मध्ये त्यांची महिको कंपनी उभी राहिली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोवर पुसा सावनी केव्हाच हळद्याला बळी पडू लागली होती. मधल्या काळात, ऐंशीच्या दशकात, परभणीच्या कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीचा संकर 'अबेलमॉस्कस मॅनिहॉट' या तिच्या नातलग जातीशी करून 'परभणी क्रांती' तयार केली. आता तीही सगळीकडे टिकत नाही. विषाणू बदलतो, पांढरी माशी औषधांना सरावते.

म्हणजे एका भाजीच्या एका रोगावर तीन पिढ्यांचे संशोधक राबले आणि चौथीलाही काम शिल्लक आहे. ज्या मुलाला हे ऐकून कंटाळा आला त्याने दुसरी वाट धरलेली बरी. ज्याला "मग पुढे काय झालं?" असं विचारावंसं वाटलं, त्याच्यासाठी पुढचं लिहितो आहे.

बुरशीचं क्षेत्र विषाणूंच्या अभ्यासाहून जुनं आणि मोठं आहे. भातावरचा करपा बुरशीने होतो, कडा करपा मात्र जिवाणूने. नावं सारखी वाटतात म्हणून कडा करप्यावर बुरशीनाशक मारलं जातं आणि पैसे पाण्यात जातात. नाचणीलाही करपा लागतोच. बुरशीचा गंभीर अभ्यास करायचा तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव माहीत हवं. 1946 मध्ये 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' म्हणून ती सुरू झाली. देशातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथं आहे, जिवंत बुरशी नळ्यांमध्ये जपून ठेवलेली. शिवाय भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजलेली लाकडं रात्री चमकतात, तेही बुरशीचंच काम. पिकाच्या रोगाशी त्याचा संबंध नाही, पण या विषयाकडे वळायला तेवढं कुतूहल पुरेसं आहे.

वाट अशी. बारावी विज्ञान, एमएचटी-सीईटी आणि मग चार वर्षांची बीएस्सी कृषी. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. ठाणे जिल्हा दापोलीच्या कार्यक्षेत्रात येतो. खासगी महाविद्यालयात प्रवेश घेताना संलग्नता आणि फी दोन्ही लेखी तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी, विषय वनस्पती रोगशास्त्र. पीएचडीला आणखी किमान तीन वर्षं, प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतात. दुसरं दार वनस्पतीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या बीएस्सीचं. हे शिक्षण कल्याण-उल्हासनगरला ये-जा करून होतं, खर्च कमी पडतो आणि पुढे संशोधनात जाताही येतं. पण कृषी खात्याच्या बऱ्याच पदांना कृषीची पदवीच लागते, हे आधी समजून घ्या.

आता पैशाचं. मुलगा किंवा मुलगी शास्त्रज्ञ म्हणून कायम नोकरीला लागेपर्यंत वयाची अठ्ठावीस-तीस वर्षं होतात. विद्यापीठांतल्या जागा थोड्या, भरती रेंगाळते, आणि कंत्राटी प्रकल्पांवर काही वर्षं जातात. हे लपवून कुणी सोनेरी चित्र दाखवत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीचा भार घरावर पडत नाही. कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट आणि एआरएस परीक्षा केंद्रीय संस्थांचा दरवाजा उघडते. आदिवासी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांतल्या मुलांनी ही माहिती आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून अकरावीतच घ्यावी.

माझा आग्रह एवढाच की या वाटेवरचे थांबे आईवडिलांना माहीत असावेत. बीएस्सी कृषीनंतर बँकेतलं कृषी अधिकारीपद, एमपीएससीची कृषी सेवा, बियाणे कंपनीतली चाचणी-शेतं. एमएस्सीनंतर टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत केळीची रोपं विषाणुमुक्त आहेत का ते तपासणं, किंवा निर्यातीच्या मालाची पीक-आरोग्य तपासणी. भेंडी युरोपला जाते तेव्हा तिच्यासोबत रोग-कीडमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र जावं लागतं. ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी तयार करून विकण्याचा उद्योगही आहे, मात्र त्याला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पीएचडीपर्यंत पोचला नाही तो वाया गेला, असं इथं होत नाही. वैद्यकीयच्या तयारीत तीन-तीन वर्षं घालवणाऱ्या घरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

प्रयोगशाळेत रोजचं काम काय असतं? पान कुटून त्यातला डीएनए वेगळा काढायचा आणि पीसीआर करायचं. कोरोनात 'आरटी-पीसीआर' हा शब्द घरोघरी पोचला. भेंडीच्या या विषाणूत आरएनए नसून डीएनए असतो, त्यामुळे पुढचं 'आरटी' लागत नाही. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूत आरएनए आहे, तिथं लागतं. त्याशिवाय काचेच्या बशीत बुरशी वाढवणं, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू मोजणं आणि संख्याशास्त्र. म्हणून बारावीत गणित टाळू नका, आणि इंग्रजीची भीती असेल तर ती आताच घालवायला लागा, कारण शोधनिबंध इंग्रजीतच असतात. आजारी पान रोज पाहायची सवय मात्र मुरबाडच्या मुलाला आधीच असते. शहरातल्या हुशार मुलाला ती एमएस्सीत शिकावी लागते.

यंदा करायचं ते सोपं आहे. एक चांगलं भिंग घ्या. घरच्या शेतात भेंडीची एकच ओळ ठरवून दर आठवड्याला किती झाडं पिवळी पडली ते तारखेसह वहीत लिहा, पांढऱ्या माश्या दिसल्या का तेही लिहा. पिवळे चिकट सापळे लावून त्यांवरच्या माश्या मोजल्या तर आणखी चांगलं. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र भातावर काम करतं, तिथल्या शास्त्रज्ञांना शाळेच्या पत्रासह भेटा आणि रोगट पानं वर्तमानपत्रात दाबून बरोबर न्या. पानं स्वतःच्या बांधावरची असावीत. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही उचलायची नाही.