वार्षिकांकाचे काम : हौस आणि जबाबदारी



सेकंड इयरला वार्षिकांकाच्या समितीत नाव दिले तेव्हा माझा हेतू अगदी साधा होता. समितीतल्या मुलांना लेक्चरला सूट मिळते आणि मीटिंगला वडापाव असतो, एवढेच ऐकून होतो. काम म्हणजे काय, दोन फोटो चिकटवायचे, चार कविता छापायच्या! हा समज कसा उतरला ते शेवटी सांगतो. यंदाच्या समितीसाठी नावे द्यायची वेळ आली आहे, म्हणून आधी या कामात आपल्याकडून काय अपेक्षित असते ते मांडतो.

अमेरिकेतल्या अनेक हायस्कूलमध्ये इयरबुक हा रीतसर विषय असतो. त्याचा तास असतो, प्रत्येकाला पाने वाटून दिलेली असतात आणि कामाला ग्रेड मिळते. आपल्याकडे हेच काम सबमिशन आणि सेमिस्टरच्या धावपळीत, फावल्या वेळात होते. चुकले तर कोणी मार्क कापत नाही. म्हणूनच जबाबदारी आपली आपणच घ्यावी लागते.

१) तारीख पाळा. लेख, टायपिंग, प्रूफ, मांडणी, छपाई अशी ही साखळी आहे. सीपीएममधला क्रिटिकल पाथ आपण पेपरात सोडवतो, इथे तो अंगावर येतो. एकाने लेख चार दिवस उशिरा दिला, की पुढचे सगळे चार दिवस बसून राहतात आणि शेवटी प्रूफ वाचायचा वेळ कापला जातो.

२) पानांचा हिशेब आधी करा. छापखान्यात मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पाने छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. ६४ पानांचा अंक म्हणजे ४ फर्मे. ऐनवेळी 'माझ्या रूममेटची एक कविता घ्या ना' म्हटले, तर ६५ वे पान एकटे जोडता येत नाही. पिन मारलेल्या अंकात किमान ४ पाने वाढतात, म्हणजे खर्चही वाढतो.

३) फोटो मूळ आकारात द्या. छपाईला साधारण ३०० डीपीआय लागतात. म्हणजे ६ इंच रुंद फोटोला १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा रंग सीएमवायके शाईत मंद दिसतो, तेव्हा रंगीत पानाचे प्रूफ कागदावरच बघा.

४) प्रूफ दोघांनी वाचा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला, की रफार आणि जोडाक्षरे हमखास सरकतात. एका वेलांटीने 'शिक्षक दिन' चा 'शिक्षक दीन' होतो. सर हसतील, पण अंक त्यांच्या कपाटात कायमचा राहील!

५) दुसऱ्याचा मान राखा. नेटवरून उचललेला लेख आपल्या नावावर नको. फिशपाँड छापायचा तर ज्याच्यावर आहे त्याला आधी दाखवा. गॅदरिंगमध्ये ऐकलेले आपण हसून विसरतो, पण छापलेले घरी आई-वडील वाचतात.

६) नावे तपासा. आता माझी गोष्ट. त्या वर्षी फोटोंखालच्या ओळी माझ्याकडे होत्या. वर्कशॉपच्या ग्रुप फोटोत सरांची नावे मी नीट लिहिली आणि शेवटी 'व इतर कर्मचारी' लिहून मोकळा झालो. त्या 'इतर' मध्ये त्याच वर्षी निवृत्त होणारे मामा होते. पहिल्या जॉबच्या वेळी फाइल हातात कशी धरायची ते मला त्यांनीच शिकवले होते, पण त्यांचे पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते. विचारायला दहा मिनिटे लागली असती.

अंक आला तेव्हा मामांनी गावी न्यायला दोन प्रती मागून घेतल्या. पान उघडले, फोटोखालच्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "बाळा, यात आमचं नाव कुठं हाय?" मला काही बोलताच येईना. तेच म्हणाले, "असू दे, फोटू तर आलाय." मी त्यांचे नाव विचारले आणि त्या दोन प्रतींत पेनने लिहून दिले. बाकीच्या प्रती तोवर वाटून झाल्या होत्या.

तेव्हापासून फोटो घेतला, की लगेच वहीत डावीकडून उजवीकडे सगळ्यांची पूर्ण नावे लिहून ज्याची त्यालाच वाचायला देतो. मेसचे काका, वॉचमन, सफाईच्या मावशी, सगळ्यांची. पदवी आपल्याला विद्यापीठ देतेच. पण आपल्या या चार वर्षांत कोण कोण बरोबर होते, हे फक्त वार्षिकांकातच राहते.

तेव्हा समितीत जरूर या. वडापाव अजूनही मिळतो. फक्त येताना वही आणि पेन घेऊन या.