शटरच्या वरची जागा

फुलसावंगीत आमचे बियाणे-खतांचे दुकान आहे. महागाव तालुक्यातले हे बऱ्यापैकी मोठे गाव, पण दुकानाला पाटी अशी आमच्याकडे कधी नव्हती. शटरवर पेंटरने ब्रशने लिहिलेले नाव, उन्हाने उडाले की पोळ्याच्या आधी पुन्हा गिरवायचे. गिऱ्हाईक नाव वाचून येत नाही, वडिलांच्या ओळखीवर येते. त्यामुळे दुकानाच्या पाटीलाही नियम असतात, हे चाळिशीपर्यंत मला कळायचे कारण पडले नाही. कळले ते शहरात, आणि फार महागात पडले.

2023 च्या अक्षय तृतीयेला, 22 एप्रिलला, जवळच्या एका शहरात शॉपिंग सेंटरमध्ये गाळा घेऊन दुसरे दुकान उघडले. शहराचे आणि सेंटरचे नाव लिहीत नाही. चूक माझी होती, तिथल्या कोणाला दोष द्यायचा नाही. गाळा जिन्याच्या मागच्या अंगाला, रस्त्यावरून न दिसणारा, म्हणूनच भाडे परवडणारे. बियाणे, खते, कीटकनाशके यांच्या तिन्ही परवान्यांमागे मी महिनोन्महिने फिरलो होतो. पाटीचा विचार मुहूर्ताच्या आठवड्यात आला.

तेवढ्यात एका बियाणे कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, “भाऊ, बोर्ड आमच्याकडून. एक पैसा लागणार नाही.” तुमच्याही दुकानी असाच कोणी आला असेल. बियाणेवाले देतात, रंगवाले देतात, मोबाइलवाले देतात. मला मिळाला तो 10 फूट बाय 4 फुटांचा, आतून दिवे असलेला. वर कंपनीचे नाव रोमन अक्षरात, मधे बोंडांनी लगडलेले पऱ्हाटीचे झाड आणि खाली वीतभर पट्टीत माझ्या दुकानाचे नाव. गाळा मागे असल्याने तो रस्त्याकडच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या पॅरापेटवर उभा करायचे ठरले. गाळेमालकाला विचारले. ते म्हणाले, “लावा ना, आपलंच आहे.” भाडेकरारात पाटीबद्दल एक ओळ नव्हती, आणि ती असावी असे मला सुचलेही नाही.

आठव्या दिवशी वरच्या शिवणक्लासच्या ताई आल्या. माझ्या बोर्डाने त्यांची खिडकी निम्मी झाकली होती. मुलींना दिवसाउजेडी ट्यूब लावून सुईत दोरा ओवावा लागत होता. त्यांचे खरे होते. मग सेंटरच्या गाळेधारकांचे पत्र आले की बाहेरची भिंत सामाईक आहे, एकट्या मालकाची परवानगी चालणार नाही. मला राग आला होता. नंतर समजून घेतले तेव्हा कळले की महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली नोंदलेल्या इमारतीत पाया, खांब, मुख्य भिंती, छप्पर हे सगळे सामाईक क्षेत्रात धरलेले असते. सोसायटी असेल तर सोसायटीला विचारावे लागते. म्हणजे मी भाड्याने घेतली होती ती चार भिंतींच्या आतली जागा. शटरच्या वरची जागा वेगळी मागून, लिहून घ्यायची असते. गाळा बघायला जाल तेव्हा पाण्याचा नळ आणि विजेचे मीटर जसे विचारता, तशीच पाटीची जागा विचारा. किती लांब, किती उंच, भिंतीला चिकटून की पुढे आलेली, दिव्याची वीज कोणाच्या मीटरवर, आणि गाळा सोडताना भिंतीची भोके कोण बुजवणार, हे सगळे करारात उतरवून घ्या. तोंडी “आपलंच आहे” हे भांडणाच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

तो वाद मिटायच्या आत नगर परिषदेचा कर्मचारी टेप घेऊन आला. वयस्क, शांत माणूस. त्याने मोजमाप घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या. नाव कोणाचे मोठे आहे? आत दिवा आहे का? पाटीच्या मागे भिंत आहे की आभाळ? तिन्हींची उत्तरे माझ्या विरोधात गेली. त्या वेळी हे प्रश्न मला अडवणुकीचे वाटले. आज वाटते, पाटीचा सगळा कायदा या तीन प्रश्नांत बसतो.

आपल्या दुकानावर आपल्या धंद्याचे नाव लिहिणे वेगळे आणि जाहिरात लावणे वेगळे. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमात कलम 328अ आहे. त्या जागेत चालणाऱ्या धंद्याचीच माहिती देणाऱ्या पाटीला ते परवानगीतून सूट देते, पण पाटी प्रकाशित नसेल आणि आकाशफलक नसेल तरच. आकाशफलक म्हणजे इमारतीच्या वर उभा राहिलेला, ज्याच्या मागे भिंत नसून आभाळ दिसते तो. इतर शहरांचे अधिनियम वेगळे, शुल्क वेगळे, पण भेद याच धर्तीचा. माझ्या बोर्डावर कंपनीचे नाव भलेमोठे आणि माझे वीतभर, म्हणजे ती कंपनीची जाहिरात झाली. दिवे होते. वरचा अर्धा भाग पॅरापेटच्या वर, आभाळात होता. फुकट मिळालेल्या बोर्डासाठी परवानगी आणि शुल्क माझ्या माथी आले. प्रतिनिधीला फोन केला तर त्याची बदली झाली होती.

भाषेचा मुद्दा नगर परिषदेच्या कर्मचाऱ्याने शेवटी काढला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लागते. दुसरी भाषा लिहिता येते, मात्र मराठी आधी आणि अक्षरे दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध उच्च न्यायालयात हरली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. मला या नियमाचा जाच कधीच वाटला नाही. माझे गिऱ्हाईक मराठी वाचते, आणि मीच त्याच्यासमोर रोमन अक्षरे टांगली याची खंत आजही आहे. आमच्या भागात काही दुकानदारांना उर्दूतही नाव हवे असते. ते बंद झाले, असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 15 एप्रिल 2025 ला न्यायालयाने मराठीबरोबर उर्दू चालेल असा निकाल दिला. तो सरकारी इमारतीचा निकाल असला, तरी दुकानासाठीही मराठी पहिली आणि ठळक ठेवून खाली आपली भाषा लिहायला आडकाठी नाही.

नगर परिषदेच्या नोटिशीत बोर्ड उतरवायला सात दिवसांची मुदत होती. खरिपाची गर्दी तोंडावर आलेली. मी म्हटले, हंगाम काढू, मग उतरवू. हा निर्णय मी पुन्हा कधी घेणार नाही.

रोहिणी लागल्या त्याच आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळे भरून आले. आधी धूळ, मग पोत्यांवरची ताडपत्री उडाली, मग टपोरे थेंब. बोर्डाच्या खाली एक काका रोज आंब्यांची हातगाडी लावत. पहिले थेंब पडताच त्यांनी गाडी जिन्याखाली ढकलली. मी काउंटरवर होतो. आधी कुरकुर ऐकू आली, लोखंड वाकताना होते तशी, आणि मग आवाज. बाहेर धावलो तर बोर्ड उताणा पडलेला, खाली एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल, आणि तुटलेल्या वायरीतून ठिणग्या. जिथे हातगाडी असते तिथे अँगलचे टोक रुतले होते. काका जिन्याखालून एकदा त्या टोकाकडे पाहत होते, एकदा माझ्याकडे. ते काही बोलले नाहीत. मोटारसायकलची टाकी, हेडलाइट आणि हँडल मी भरून दिले. काकांच्या त्या नजरेची भरपाई कशाने करायची, ते मला आजवर कळलेले नाही.

भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करतो. त्याने नंतर कागदावर हिशेब मांडून दाखवला. वारा ताशी 100 किलोमीटरचा असेल तर सपाट पाटीवर दर चौरस मीटरला साधारण 47 किलोचा रेटा येतो. 10 बाय 4 फूट म्हणजे 3.7 चौरस मीटर, एकूण पावणेदोनशे किलो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. हा सगळा भार चार बोल्टांवर होता, आणि ते बोल्ट विटेच्या पॅरापेटमध्ये, त्यातही दोन नुसत्या गिलाव्यात. भिंतीला चिकटलेल्या पाटीला मागून वारा शिरायला जागा नसते. आभाळात उभ्या पाटीला तो दोन्हीकडून हलवतो आणि बोल्टाचे भोक रोज थोडे मोठे करतो. कर्मचाऱ्याने भिंत की आभाळ हे का विचारले, ते मला त्या कागदावर समजले.

आमच्या मुहूर्ताच्या पाचच दिवस आधी, 17 एप्रिल 2023 ला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात जाहिरातीचा सांगाडा कोसळून पाच माणसे गेली होती. मी ती बातमी वाचली होती. वाचून पान उलटले होते, कारण तो मोठा होर्डिंग आणि आपला छोटा बोर्ड असे वाटले. वर्षभराने, 13 मे 2024 ला, घाटकोपरला पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचे होर्डिंग पडले आणि 17 जणांचा जीव गेला. तिथे 40 बाय 40 ची मर्यादा होती. त्या रात्री टीव्हीवरचा तो वाकलेला सांगाडा बघताना मला आमच्या जिन्याखालची हातगाडी दिसत होती.

म्हणून फॅब्रिकेशनवाल्याला काम देताना हे नक्की सांगा. बोल्ट काँक्रीटच्या बीममध्ये किंवा कॉलममध्येच, विटेत नाही. पाटी पुढे आलेली असेल तर खालून माणूस डोक्यावर बोजा घेऊन जाईल इतकी उंची सोडा. विजेच्या तारेपासून लांब राहा. गल्लीतल्या साध्या तारा असोत की 11 केव्हीची लाइन, आडवे अंतर किमान 1.2 मीटर लागते, आणि शिडीवर लोखंडी फ्रेम धरून उभ्या असलेल्या पोराचा विचार केला तर त्याहून जास्तच ठेवावे. दर वर्षी, वळवाच्या आधी, कोणाला तरी वर चढवून बोल्ट तपासून घ्या. दिव्याची वायर उघडी ठेवू नका.

बोर्ड गेला आणि चार दिवसांनी कृषी विभागाचे गुणनियंत्रण निरीक्षक आले. त्यांनी बाहेर पाहिलेसुद्धा नाही. आत येऊन विचारले, “साठा आणि भावाचा फलक कुठे आहे?” बियाणे नियंत्रण आदेश, 1983 आणि खत नियंत्रण आदेश, 1985 या दोन्हींत विक्रेत्याने साठा आणि दर लिहून ठळक जागी लावायचे बंधन आहे. मी तो फलक आणला होता. तो पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या वर्षी बीटी कपाशीच्या बीजी-2 पाकिटाचा सरकारने ठरवलेला कमाल दर 853 रुपये होता. हव्या त्या वाणाची टंचाई झाली की हेच पाकीट कुठे किती जास्त दराने विकले जाते, ते आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्याच्या हातात त्या फळ्याशिवाय दुसरे काही नसते. मी दहा फुटांचा बोर्ड आभाळात चढवला होता आणि त्याच्या हक्काचा दोन फुटांचा फळा पोत्यांमागे टाकला होता. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज याची वाटली.

जीएसटीचेही लक्षात ठेवा. नोंदणी असेल तर दारावरच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहावा लागतो आणि प्रमाणपत्र आत दिसेल असे लावावे लागते. कंपोझिशन योजनेत असाल तर तसा उल्लेखही पाटीवर हवा. पाटी रंगवतानाच लिहून घेतले तर जादा खर्च नाही.

गावात नगर परिषद नाही म्हणून आपल्याला मोकळे रान, असे फुलसावंगीतही काही जण म्हणतात. मराठी पाटीचा नियम गावालाही आहे. ग्रामपंचायत अधिनियमात सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि रस्त्यात रोवलेला पाटीचा खांब हा अडथळाच. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, ते आधी ग्रामपंचायतीत विचारा; रुंदीकरण निघाले की पहिल्यांदा पाट्याच जातात.

आता शहरातल्या गाळ्यावर शटरच्या लगत, भिंतीला चिकटून, 8 बाय 2 फुटांची पत्र्याची पाटी आहे. कंपनीला नम्रपणे नाही म्हटले. गावच्याच पेंटरला नेले. त्याने निळीत भिजवलेला दोरा ताणून टिचकी मारली, रेघ उमटली, आणि त्या रेघेवर त्याने दुकानाचे नाव लटकवले. मागच्या गाळ्यांचे न दिसण्याचे दुखणेही सुटले. सेंटरच्या दारात आता सगळ्या गाळेधारकांची एकच यादी लावली आहे, गाळा क्रमांक आणि बाण असलेली. ती आम्ही सर्वांनी मिळून, परवानगी घेऊन, वर्गणीतून केली. शिवणक्लासच्या ताईंचे नाव माझ्या नावाच्या वर आहे.

साठा-भावाचा फळा काउंटरच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर टांगला आहे. सकाळी शटर उघडले की आधी तो ओल्या फडक्याने पुसतो आणि त्या दिवशीचे आकडे लिहितो. परवा एक म्हातारे गिऱ्हाईक बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. बोट एकेका ओळीवरून फिरवत खाली आले, एका आकड्यावर थांबले. मग खिशातून पिशवी काढून म्हणाले, “दोन दे रे बाबू, याच्यातलीच.”