चुका घातला की डाळ का शिजत नाही?

प्रश्न : आमच्याकडे विदर्भी पद्धतीची डाळभाजी वरचेवर होते. तूर डाळ, पालक, चुका आणि शेंगदाणे मी एकत्रच कुकरला लावते. नुसता पालक असला की डाळ छान घोटली जाते. चुका घातला की मात्र तेवढ्याच शिट्ट्यांत डाळीला कणी राहते आणि पाणी एकीकडे, डाळ एकीकडे होते. सासूबाई म्हणतात, ‘आंबटाने डाळ आखडते.’ हे खरं का? की डाळच जुनी असेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं आहे. डाळीच्या दाण्यात असंख्य सूक्ष्म पेशी असतात आणि विटांमधल्या चुन्यासारखं पेक्टिन त्यांना एकमेकींशी धरून ठेवतं. डाळ उकळते तेव्हा हे पेक्टिन हळूहळू तुटून पाण्यात विरघळतं, पेशी सुट्या होतात, आतलं पिठूळ द्रव्य पाणी पिऊन फुगतं आणि रवी फिरवली की डाळ एकजीव होते. आंबट पाण्यात पेक्टिन तुटण्याचं हे काम फार मंदावतं. चुक्याचा आंबटपणा मुख्यतः ऑक्झॅलिक आम्लाचा. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतली आम्लं वेगळी, पण डाळीवर परिणाम तोच.

डाळ जुनी असण्याची शंकाही रास्त आहे. दमट, उष्ण जागी बरेच महिने राहिलेली डाळ उशिरा शिजते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिन आणखी घट्ट करतं, म्हणून त्या पाण्यातही डाळ वेळ खाते. पण तुमच्याकडे डाळ तीच, पाणी तेच आणि फक्त चुक्याच्या दिवशी अडचण येते, तेव्हा कारण चुकाच.

उपाय क्रमाचा आहे. एक वाटी तूर डाळ आणि मूठभर शेंगदाणे अर्धा तास भिजवा. हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून डाळ पूर्ण मऊ शिजवा. शेंगदाणे त्याच कुकरमध्ये वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे डाळ घोटताना ते चिरडत नाहीत. एक जुडी पालक आणि अर्धी जुडी चुका चिरून पातेल्यात वाफवा, मग घोटलेल्या डाळीत भाजी, शेंगदाणे आणि मीठ घालून दहा मिनिटं उकळू द्या. शेवटी मोहरी, जिरं, भरपूर लसूण आणि सुक्या लाल मिरच्यांची फोडणी वरून ओता. लसूण बदामी झाला की लगेच, कारण तो करपला तर सगळी भाजी कडवट होते.

चुक्याने पालकाचा रंगही शेवाळी होतो, त्यात काळजीचं काही नाही. पानांच्या हिरव्या रंगद्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आम्ल मिळून ते बाहेर काढतात आणि हिरवा रंग मळकट होतो. थोडा हिरवेपणा हवा असेल तर पालक सर्वांत शेवटी घाला आणि झाकण ठेवू नका.

एखाद्या दिवशी सगळं एकत्र लागलंच आणि डाळ कच्ची राहिली, तर सोडा टाकायचा मोह टाळा. सोड्याने डाळ पटकन मऊ होते खरी, पण डाळीतलं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि भाजीला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा गरम पाणी घालून आणखी दोन-तीन शिट्ट्या काढा. आंबटाने डाळीचं शिजणं लांबतं, थांबत नाही. कुकरमधलं पाणी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, त्यामुळे थोडा जास्त वेळ दिला की ती शिजते.

आंबटाचा हाच गुण अळूच्या पातळ भाजीत कामी येतो. तिथे हरभऱ्याची डाळ अख्खी दिसायला हवी असते. ती बोटाने दाबली जाईल इतपत आधी शिजवून घ्यायची आणि मग चिंचेचा कोळ घातलेल्या भाजीत सोडायची. भाजी कितीही रटरटली तरी दाणा सहजी फुटत नाही. तेव्हा डाळ घोटायची असेल तर आंबट शेवटी, आणि दाणा राखायचा असेल तर तो मऊ होताच आंबट घाला.