तिसऱ्याचे चाक

भाद्रपद संपत आला होता. गणपती उठून गेल्यावर गावात जी सुनी सुनी शांतता पसरते, तिचा अनुभव आमची सांगली घेत होती. अशा एका रविवारी पहाटे आम्ही चौघे जण सायकली घेऊन माधवनगरच्या पुढे तासगावच्या रस्त्यावर जमलो. नुकते कोठे फटफटत होते. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा अजून अंधारात होत्या.

काका आमच्या आधीच येऊन उभे होते. काका हे कोणाचेच सख्खे काका नव्हेत. ते पेशाने शिंपी. पण तरुणपणी सायकलच्या कितीतरी शर्यती त्यांनी गाजवल्या होत्या. गळ्यात कापड मोजण्याच्या फितीऐवजी त्या दिवशी स्टॉपवॉच लटकत होते. दसऱ्यानंतर होणाऱ्या सांघिक शर्यतीसाठी ते आम्हांला तयार करीत होते. किलोमीटरच्या एका दगडापासून निघावयाचे, दहा किलोमीटरांवर एक जुनी चिंच होती तिच्यापाशी वळावयाचे आणि पुन्हा त्याच दगडाशी यावयाचे. हे २० किलोमीटर अंतर ३२ मिनिटांत कापले, तरच ते आमचे नाव शर्यतीसाठी देणार होते.

या शर्यतीला टीम टाइम ट्रायल असे म्हणतात. हिच्यात सारे संघ एकदम सुटत नाहीत. एकेक संघ ठरावीक अंतराने निघतो आणि त्याची झुंज केवळ घड्याळाशी असते. १९६० च्या रोम ऑलिंपिकपासून १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत सुमारे १०० किलोमीटरांची अशी शर्यत होत असे. संघात चौघे असत. पण वेळ मोजली जाई ती तिसऱ्या गड्याची. पहिला कितीही लवकर पोहोचो, त्याच्यासाठी घड्याळ थांबत नसे. आमच्या शर्यतीचाही नियम तोच होता.

मुलांनो, तुम्ही सायकल चालवीत असाल, तर समोरचा वारा कसा छातीवर बसतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. वारा नसला तरी वेगाने जाणाऱ्याला हवा ही कापावीच लागते. वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती एवढ्यासाठीच खर्च होते. परंतु पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून दुसरा चालला, तर त्याला आडोसा मिळतो आणि त्याचे सुमारे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून चौघांनी पाळीपाळीने पुढे राहावयाचे. पायाचे चाळीस फेरे झाले की पुढच्याने बाजूला सरावयाचे, किंचित वेग कमी करून इतरांना पुढे जाऊ द्यावयाचे आणि शेवटच्याचे चाक धरावयाचे. हे चाक धरणे मोठे नाजूक काम आहे. थकलेल्या माणसाला नेमक्या त्याच क्षणी पुन्हा वेग घ्यावा लागतो. एक क्षण चुकला, तर दोन सायकलींएवढी फट पडते, आडोसा जातो आणि तेवढी फट भरून काढण्यात उरलेला दम संपतो.

आमच्या चौघांत माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, हा कप्तान. दुसरा दूधवाल्यांचा मुलगा. त्याला आम्ही पैलवान म्हणत असू. तिसरा मास्तर. हा अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा आणि सदैव काहीतरी मोजीत असलेला. म्हणून त्याचे नाव मास्तर! चौथा मी. त्या दिवसांत माझ्या पायांत चांगलीच ताकद आली होती आणि ते मला फार चांगले ठाऊक होते.

काकांनी हात खाली केला आणि आम्ही सुटलो. वारा पश्चिमेचा असल्यामुळे जाताना तो अडवीत नव्हता. चाकांचा एकसुरी घूं घूं आवाज आणि "खड्डा!" अशी मधूनच पुढच्याची हाक, याखेरीज काही ऐकू येत नव्हते. चिंचेपाशी वळलो तेव्हा १५ मिनिटे २० सेकंद झाली होती.

परतताना मात्र वारा उजवीकडून, काहीसा तोंडावर येऊ लागला. अशा वेळी आडोसा नेमका मागे मिळत नाही. तो डावीकडे तिरपा सरकतो. म्हणून पुढच्याने कडेला चिकटून जाऊ नये, डाव्या हाताला सोबत्यांपुरती जागा सोडावी, अशी काकांची सक्त ताकीद होती. पैलवानाने जाताना नको इतका जोर लावला होता. तो पाच किलोमीटर आधीच म्हणाला, "माझे संपले, तुम्ही जा!" यात काही वावगे नव्हते, शर्यतीत एकाला असे मागे सोडता येते. पण आता आम्ही तिघेच उरलो आणि तिघांतला प्रत्येक जण मोलाचा झाला.

मास्तर आपले चाळीस फेरे पुरे करून बाजूला सरला. पाळी माझी होती. मोकळा रस्ता समोर दिसताच मला स्फुरण चढले. मी एकदम वेग वाढवला. पाठीमागून दादाची हाक आली. पण वाऱ्यामुळे ती नीट ऐकू आली नाही. खरे सांगावयाचे, तर मला ती ऐकावयाची नव्हती. दगडाजवळ पोहोचलो, तेव्हा मी मोठ्या आनंदाने ओरडलो, "काका, किती?"

काका माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांचे डोळे रस्त्यावर होते आणि घड्याळ चालूच होते. मग दूरवर दोन ठिपके दिसू लागले. पुढे दादा होता. त्याच्या आडोशाने मास्तर कसाबसा येत होता. ते दगडापाशी आले, तेव्हा काकांनी कळ दाबली आणि घड्याळ माझ्या हातात दिले. ३२ मिनिटे ५० सेकंद!

"तू ३१ मिनिटे ४० सेकंदांत आलास," काका म्हणाले, "पण ती वेळ लिहावयाची कोठे?"

मी काहीच बोललो नाही. मास्तर रस्त्याच्या कडेला बसला होता. चष्मा पुसता पुसता तो दादाला म्हणाला, "माझ्या जागी दुसरा कोणी घ्या. माझ्यामुळे सर्वांचे जाईल." ते शब्द मला फार लागले, कारण तो मागे पडला नव्हता, मी त्याला पाडले होते. तो शेवटचे चाक धरण्याच्या नेमक्या क्षणी मी वेग वाढवला होता.

काकांनी तेव्हा आम्हांला स्वीडनच्या पेटरसन बंधूंची गोष्ट सांगितली. गोस्ता, स्तुरे, एरिक आणि तोमास असे हे चार सख्खे भाऊ. १९६७, १९६८ आणि १९६९ अशी ओळीने तीन वर्षे ते हौशी स्पर्धकांच्या या शर्यतीत जगज्जेते ठरले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. थोरल्या गोस्ताने पुढे १९७१ मध्ये इटलीची मोठी शर्यतही एकट्याच्या नावावर जिंकली.

"मग त्याने भावांबरोबर काय करावयाचे?" मी विचारले.

"ज्याच्या अंगात जास्त बळ, त्याने जास्त वेळ पुढे राहावे. जास्त वेगाने नव्हे," काका म्हणाले. "वाढवावयाचे ते फेरे."

मास्तरची समजूत घालावयाला मी त्याच्या घरी दोनदा गेलो. पहिल्या वेळी तो भेटलाच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो. परतीच्या वाटेवर मी चाळीसऐवजी साठ फेरे पुढे राहू लागलो. मास्तरची पाळी वीस फेऱ्यांची केली. वेग तोच ठेवणे मला फार जड जात होते. पाय आतून ढकलीत होते आणि मी त्यांना आवरीत होतो. मागून "आलो!" असा मास्तरचा आवाज आल्याखेरीज मी बोटभरही वेग वाढवला नाही. पैलवान या खेपेस शेवटच्या दोन किलोमीटरांपर्यंत टिकला. दगडाजवळून आम्ही तिघे पाठोपाठ गेलो.

३२ मिनिटे ४ सेकंद!

"चार सेकंद कोठे सांडली?" काकांनी विचारले.

"चिंचेपाशी," मास्तर लगेच म्हणाला. "वळताना प्रत्येकाने निराळ्या वेळी ब्रेक लावला. मी मोजले आहे."

काकांनी घड्याळ खिशात टाकले. "चला तर, तेथेच जाऊन पाहू."

उन्हे वर आली होती. आम्ही पाणी प्यालो आणि सावकाश, एकामागून एक, पुन्हा चिंचेकडे निघालो. या वेळी मास्तर पुढे होता.