वाड्याच्या परसात सामाईक भाजीबाग : खर्च किती येतो?

गावात जुना वाडा आहे, धनी शहरात आहेत आणि परसात गवत माजलंय. दहा घरांनी मिळून तिथे भाजी लावायची म्हटलं, की पहिली चर्चा बियाण्यांची होते. खरं तर तो सगळ्यात किरकोळ खर्च. पैसा लागतो तो पाण्याला आणि साफसफाईला. पुढचा हिशेब एका गुंठ्याचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा आहे. निम्म्या जागेत वाफे, बाकीच्यात वाटा, टाकी आणि खतखड्डा. दर अंदाजे धरलेत. आपल्या गावचे भाव घालून बघा.

आधी कागद

परस गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, शेतजमिनीत असेल तर सातबारा. ज्यांची नावं लागली आहेत त्या सगळ्यांची संमती घ्या. एका भावाच्या होकारावर कुदळ मारू नका. सातबाऱ्यावरची जमीन असली की धन्याला कूळ लागण्याची धास्ती असते. म्हणून तोंडी किंवा खंडाने व्यवहार नको. मुदत, पाणी, वीजबिल आणि जागा परत करण्याची अट लिहून वकिलाकडून करार करून घ्या.

जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. वाफे करण्याआधी नाही, तरी टाकीचा चौथरा किंवा शेड बांधण्याआधी चौकशी करा.

भिंत आणि माती

मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतीला लागून वाफा केला की ओल वर चढते आणि गिलावा सुटतो. जोत्यापासून निदान चार फूट जागा कोरडी सोडा, पाण्याचा उतार बाहेरच्या बाजूला काढा. भिंतीत उगवलेला पिंपळ रोप असतानाच काढायचा. मुळं आत गेली की गवंडी बोलवावा लागतो.

पडक्या भिंतीचा राडारोडा मातीत मिसळलेला असतो. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. चांगलंच फसफसलं तर चुना जास्त आहे, आणि अशा जागी भाजीची पानं पिवळी पडतात. मग माती तपासून घ्या आणि शेणखत सढळ हाताने घाला.

सुरुवातीचा खर्च (रुपये)

- करार, मुद्रांक, टंकलेखन : ३,०००
- राडारोडा उचलणं, खणणी (८ मजुऱ्या × ६००) : ४,८००
- शेणखत, एक ट्रॉली : ४,५००
- १,००० लिटरची टाकी, चौथऱ्यासह : ८,०००
- ठिबक, गाळणीसह : ६,०००
- फाटक आणि कुंपणाची डागडुजी : ५,०००
- कुदळ, फावडं, घमेली, खुरपी : ४,०००
- बियाणं, रोपं : १,५००

बेरीज ३६,८००. वरखर्चाला दहा टक्के धरले तर सुमारे ४०,५००, घरटी ४,०५०.

यात विहीर धरलेली नाही. परसातला आड गाळाने भरला असेल तर उपसण्याचा खर्च वेगळा, आणि तो खोलीवर ठरतो. आधी ठेकेदाराला आड दाखवा, मगच वर्गणी जाहीर करा.

महिन्याचा खर्च

उन्हाळ्यात वाफ्याच्या चौरस मीटरला रोज सुमारे ६ लिटर पाणी धरा. ५० चौरस मीटरला ३०० लिटर, म्हणजे टाकी तीन दिवस पुरते. वीज, खत, बियाणं आणि किरकोळ दुरुस्तीला घरटी ३०० रुपये काढावेत. टँकर मागवायची पाळी आली तर ही बाग परवडणार नाही; आडाला मेपर्यंत पाणी राहत नसेल तर उन्हाळी भाजी सोडून द्या, खरीप-रब्बीच करा.

कुठे वाचवाल, कुठे नको

अवजारं घराघरांतून गोळा होतात, बी गावातल्या म्हाताऱ्यांकडे मिळतं, खणायला श्रमदान होतं. एवढ्यानेच दहा हजारांच्या आसपास वाचतील. करार, ठिबक आणि भिंतीलगतचा कोरडा पट्टा यांत मात्र हात आखडू नका. पाटाने पाणी सोडून ठिबकचे सहा हजार वाचवलेत आणि जोतं खचलं, तर धनी दुसऱ्या वर्षी फाटकाला कुलूप लावतील.