टाकाऊ पदार्थांपासून तेल : रासायनिक घटक आणि उपयोगाच्या शक्यता

प्राणवायूच्या अभावी प्लास्टिक, टायर किंवा जैवभार सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्यास तो जळत नाही. त्याचे मोठे रेणू तुटून तेल, वायू आणि कोळशासारखा घन अवशेष तयार होतो. या प्रक्रियेस पायरोलिसिस म्हणजेच औष्णिक अपघटन म्हणतात. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये दररोज एक टन टाकाऊ प्लास्टिकपासून डिझेल बनविणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले.

तेलाचे घटक कच्च्या मालावर अवलंबून असतात. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिनपासून मुख्यतः पॅराफिन व ओलेफिन, तर पॉलिस्टायरिनपासून स्टायरिन, टोल्युइन यांसारखी अॅरोमॅटिक संयुगे मिळतात. पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो व यंत्रसामग्री गंजते. टायरच्या तेलात लिमोनिन आढळते. परंतु रबर टिकाऊ करण्यासाठी वापरलेले गंधकही त्यात उतरते. जैवभारापासूनचे तेल आम्लधर्मी असते. त्यात पाणी व ऑक्सिजनयुक्त संयुगे अधिक असल्याने त्याचे उष्मांकमूल्य डिझेलच्या निम्म्याहून कमी भरते.

यावरूनच उपयोग ठरतात. अशुद्ध तेल औद्योगिक भट्ट्यांत जाळता येते. मात्र वाहनांसाठी ते थेट योग्य नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकानुसार डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम आहे. टायरच्या तेलात गंधक एक टक्का असल्यास ते या मर्यादेच्या हजारपट होते. हायड्रोजन प्रक्रियेने शुद्ध केलेले प्लास्टिकचे तेल पेट्रोरसायन उद्योगात नॅफ्थाऐवजी वापरून पुन्हा प्लास्टिक बनविता येते.

शुद्धीकरण खर्चिक असते. कचरा मिश्र असेल तर हा खर्च वाढतो आणि प्रकल्प तोट्यात जातो. धूर व अवशेष उघड्यावर सोडून हा खर्च वाचविल्यास त्याची किंमत कामगार व शेजारची वस्ती आरोग्याच्या रूपाने मोजते. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्यता म्हणतात. म्हणूनच २०२२ च्या नियमांनी पायरोलिसिस तेलासाठी टाकाऊ टायरच्या आयातीस मनाई केली. त्याच वर्षीच्या प्लास्टिकविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनर्चक्रीकरण अशक्य असलेले प्लास्टिकच तेलनिर्मितीसाठी पाठवावयाचे आहे.

सारांश, तेलाचे मूल्य भट्टीत नव्हे, तर त्यापूर्वीच्या वर्गीकरणात निश्चित होते. घरोघरी कचरा वेगळा करणे आणि कचरावेचकांच्या श्रमांस रास्त मोबदला देणे ही या तंत्रज्ञानाची पहिली आर्थिक अट होय.